देवीच्या कानावर

शुक्र., ९ जाने.
विनू आला. न कळवता. ड्रायव्हरला मालवणात लॉजवर पाठवला, म्हणे गाडी दारात दिसली की माणसं जमतात. एवढ्या मोठ्या कंपनीचा सगळ्यात वरचा साहेब, नि दाढी वाढलेली.
बांगड्याचं तिखलं केलं. घास हातात धरून फोनवर बोलत राहिला. तिखलं थंड. परत गरम केलं, परत फोन. विहिरीकडे रेंज येते म्हणून तिथल्या कट्ट्यावर बसतो. माझं इंग्रजी मॅट्रिकपुरतं, पण 'क्लोजर' शब्द इतक्यांदा आला की घागर भरता भरता कळलाच.
काय बंद करतात देवी जाणे. विचारू की नको.

शनि., १०
विचारलं. आधी "काय नाय गो" म्हणाला. मग चहा घेताना आपणहून बोलला. खारेपाटणकडचा आंब्याच्या रसाचा कारखाना. दरसाल तोट्यात. शुक्रवारी मुंबईत संचालकांची बैठक, तिथे त्यानेच सांगायचं, बंद करायचा की चालवायचा.
मी म्हटलं, तुझ्या हाताखाली एवढी शिकलेली माणसं आहेत, विचार त्यांना.
"आये, माझ्या खोलीत इलेलो प्रत्येक जण आधी माझा तोंड बघता, आणि मगे बोलता. माका काय व्हया ताच सांगतत."
"बायकोक सांग."
"तिका आधीच माझ्या बीपीची चिंता."
मग म्हणाला, हे बैठकीआधी बाहेर गेलं तर नोकरी जाईल, वर चौकशी लागेल. "खंय बोला नको. सुनंदाकडे तर नकोच."
सुनंदा शेजारची. तिचा नवरा प्रकाश त्याच कारखान्यात, बॉयलरवर. विनूनेच त्याला लावला होता.
ब्लडप्रेशरची गोळी माझ्या देखत दोनदा घ्यायला निघाला. सकाळची घेतली की नाही तेच आठवेना.

रवि., ११
पहाटे गेला. देवाला नमस्कार करताना पण कानात ते फोनचं यंत्र.
सुनंदा ओले काजूगर घेऊन आली. "काकी, विनू इल्लो म्हणान ऐकलंय. लपवून ठेवलात मा आमच्यापासून?" हसत म्हणाली. मग प्रकाशचं सांगत बसली. मे महिन्यात घरावर स्लॅब टाकणार. मी नुसती हूं हूं. काजूगर घेताना हात पुढे होईना.
जप केला, मन लागलं नाही. माळ कुठवर आली तेच कळेना, परत पहिल्यापासून.

सोम., १२
विनूचा फोन नाही. टी.व्ही.वर दिसला, कसल्या सभेत. हसत होता, टाय लावून, बाजूचे पण हसत होते. मला त्याचे डोळे दिसले.
ठरवलं, उद्या कौल लावते. उद्या मंगळवार, देवीचा वार. त्याच्याशी खरं बोलणारं कोणी नाही. देवी तरी बोलेल. देवीला लावलेली उजवी पाकळी आधी पडली तर कारखाना चालवायचा, डावी पडली तर बंद. त्याला फक्त एवढंच सांगेन.
नारळ घरचाच नेते. दुकानात साधा नारळ पण महाग झालाय.

मंगळ., १३
काय करून बसले मी.
दुपार टळल्यावर गेले, गर्दी नसेल म्हणून. सभामंडपात चार-पाच जणं होतीच. सुनंदा पण, सासूच्या गुडघ्याचं गाऱ्हाणं घालायला आलेली. परत फिरले असते तर तिने विचारलं असतं.
गुरव भाऊंना म्हटलं, एका मोठ्या कामाचा निर्णय आहे, तेवढं देवीला विचारा.
"काकी, देवी आवशीक गोल गोल सांगून चलता? कसला काम, कोणाचा, काय ता सांगूक व्हया. नायतर ती तरी काय सांगतली?"
मी त्यांच्या कानात सांगितलं. अगदी हळू. भाऊ जे ऐकतात ते मोठ्याने देवीच्या कानावर घालतात, हे जन्मभर बघत आले. सगळ्यांची दुखणी, भांडणं, लग्नं तशीच ऐकली. नि त्या वेळी डोक्यात आलं नाही. माझ्या डोक्यात फक्त पाकळ्या.
भाऊ पाकळ्या लावून ताठ उभे राहिले. "बाय माऊली म्हाराजा, आज ह्या तुझ्या लेकराचो झील विनायक कंपनीत वरच्या खुर्चीर बसलो हा..."
"व्हय म्हाराजा," सगळी.
"खारेपाटणाकडचो रसाचो कारखानो बंद करूचो की चालवचो, ह्या त्याका उलगडणा नाय..."
"व्हय म्हाराजा."
सुनंदाचा आवाज सगळ्यांत वर. सवयीने. म्हणून झाल्यावर तिला कळलं. हात जोडलेलेच राहिले, तोंड माझ्याकडे वळलं.
"काकी, आमचो कारखानो?"
भाऊ थांबले. म्हणाले, "ह्यो कौल मी आज घेवचंय नाय," आणि पाकळ्या उतरवून ठेवल्या.
घरी कशी आले आठवत नाही. विनूला फोन लावला. बंद. परत लावला. बंद.

बुध., १४. संक्रांत
सकाळी त्याच्या ऑफिसात लावला. त्याची सेक्रेटरी. "आई, सर मीटिंगमध्ये आहेत. काही निरोप देऊ?"
काय निरोप देणार. म्हटलं, आईचा फोन होता सांगा. दुपारी परत लावला. "सर दुसऱ्या मीटिंगमध्ये आहेत." गोड बोलते पोरगी. तिसऱ्यांदा मी म्हटलं, बाय, त्याला बाहेर बोलाव, मी घाबरलेय.
लगेच आला फोनवर. धावत आल्यासारखा श्वास. "आये, काय झाला? पडलंस?"
सांगितलं सगळं. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.
"कोण कोण होता?"
नावं सांगितली.
"बरा. आता माकाच सगळ्या संचालकांका कळवूचा लागतला, गजाल माझ्याच घरातसून भायर पडली म्हणान."
"माझा नाव सांग. म्हातारी आहे, अक्कल नाही, सांग."
"आये, खुर्चीर मी बसलंय."
मग अगदी लहानपणीच्या आवाजात, "कौल काय इलो?"
म्हटलं, घेतलाच नाही भाऊंनी.
"हां," म्हणाला. फोन ठेवला.
हळदीकुंकवाला वाडीतल्या बायका आल्या. सुनंदा नाही. तिचा तिळगूळ वेगळा काढून ठेवला. मुंग्या लागतील.

गुरु., १५
सकाळीच अंगणात माणसं. प्रकाश, नि कारखान्यातले आणखी. चपला काढून उभे, कोणी वर येईना. चहा ठेवू का म्हटलं, नको म्हणाले. आमच्या दारात आजवर चहाला कोणी नको म्हटलेलं नाही.
प्रकाश म्हणाला, "काकी, मॅनेजर म्हणता माका काय म्हायत नाय. खंय बोलूचा आमी? विनूदादाक फोन लावा. दोनच शब्द बोलतंय."
मागून एक जण, "लावतत कित्याक? झीलाक सांभाळतली ती."
प्रकाशने त्याला गप्प केलं. सुनंदा दगडी गडग्यापलीकडे उभी होती. आत आली नाही, गेली पण नाही.
उद्या बैठक. आज त्याच्या डोक्यावर आणखी काय घालू. नि ह्यांना दारातून परत कशी पाठवू. देव्हाऱ्यातल्या देवीकडे बघितलं, नमस्कार पण झाला नाही नीट.
लावला. आता मला त्याने दुसरा नंबर दिलाय, थेट त्याच्याकडे जाणारा. पहिल्याच रिंगला उचलला. स्पीकर कसा बंद करतात मला माहीत नाही, तो चालूच होता.
"आये, एकटीच आसस मा?"
अंगणात सगळ्यांनी ऐकलं. प्रकाश माझ्या तोंडाकडे बघत होता.
म्हटलं, "नाय रे. प्रकाश आसा. सगळे आसत."
पलीकडे काहीच आवाज नाही. वाटलं, ठेवला. पण फोनवरचे सेकंदांचे आकडे पुढे सरकत होते.
मी फोन प्रकाशच्या हातात दिला.