वाइसाकेचा आकडा

प्रिय लोसालिनी,

तुझं पत्र येऊन सात आठवडे झाले आणि उत्तर आज लिहितोय, मामावर रागावू नकोस. तीनदा लिहायला बसलो आणि तीनदा कागद घडी करून बायबलात ठेवला. तू लिहिलंस, की ब्रिस्बेनहून तू पैसे पाठवलेस, बाबांच्या हृदयात स्टेंट बसला, मग चार महिन्यांत ते गेले कसे? त्या डॉक्टरणीविरुद्धची तक्रारही सोबत पाठवलीस, साक्षीदार म्हणून मी सही करावी म्हणून. ती समोरच आहे. सही मी अजून केलेली नाही.

तुझी आई बरी आहे. चटई विणायला घेते, अर्ध्यावर सोडते. सुतकाच्या शंभर रात्री पुऱ्या झाल्या, आम्ही वाढवलेल्या दाढ्या काढल्या. तुझ्या बाबांच्या, वाइसाकेच्या नावाने मासेमारीला बंद ठेवलेला समुद्रातल्या खडकाचा पट्टा उघडला, तेव्हा मासे खूप मिळाले.

सुवाच्या मोठ्या इस्पितळात आम्ही दोघं एकाच बोटीने गेलो, दोघांच्याही छातीत दुखायचं. परदेशातून आलेल्या त्या डॉक्टरणीने मनगटातून केसासारखी तार हृदयापर्यंत नेली. माझं शिक्षण सहावीपर्यंतचं, म्हणून तिने डोंगरावरून येणाऱ्या पाण्याच्या नळीसारखं समजावलं. नळी चोंदली असेल, तर चोंदल्या जागेच्या अलीकडे दाब किती आणि पलीकडे किती, ते मोजायचं. शंभरातले ऐंशीहून जास्त पलीकडे पोचत असतील, तर गोळ्यांवर भागतं. स्टेंट म्हणजे उगाच खर्च आणि उगाच धोका. माझा आकडा अठ्ठ्याऐंशी आला. वाइसाकेचा एकोणसत्तर. त्याला स्टेंट हवाच, असं ती म्हणाली. मोजणी फुकट होती, स्टेंटचे पैसे ज्याचे त्याने द्यायचे होते. वाइसाके म्हणाला, उद्या सांगतो.

आम्ही आते-मामेभाऊ. आमच्यात सरळ बोलायची रीतच नाही, एकमेकांची थट्टाच करायची, तू लहानपणापासून ऐकतेस. मी म्हणालो, "बघितलंस? तुमच्या गावच्या माणसांचा मालच कच्चा." तो म्हणाला, "तुझ्या हृदयात काही असेल तर चोंदेल ना, म्हाताऱ्या." अख्खा वॉर्ड हसत होता. मग त्याने हळूच विचारलं, "खरं सांग आपेनिसा, घालून घेऊ का? पोरीने रात्रपाळ्या करून पैसे पाठवलेत. तेवढ्या पैशांत होडीला इंजिन येईल."

आयुष्यात एकदाच त्याने मला असं विचारलं. आणि मी म्हणालो, "तुझ्यापेक्षा होडीला यंत्राची गरज जास्त आहे. होडी निदान कामाला तरी येते."

पुन्हा सगळे हसले. तो हसला नाही. ते मी पाहिलं होतं, लोसालिनी.

दुसऱ्या दिवशी त्याने नको म्हणून सही केली. बंदरावरून तुला फोन केला, "बसवला गं, आता मी पंचविशीतला." मी शेजारीच उभा होतो. तुझ्या पैशांतून घेतलेलं इंजिन बोटीवर मीच चढवलं. शेजाऱ्यांना सांगितलं, माझं आहे. जूनमधल्या त्या सकाळी रताळी काढताना तो पडला, तेव्हा त्याच इंजिनाच्या होडीतून मी त्याला दवाखान्याकडे नेलं. इंजिन एकदाही अडलं नाही. तो मध्येच गेला, माझ्या मांडीला टेकून.

तुझ्या बाबांना स्टेंट बसलाच नव्हता. ती बाई दोनदा त्याच्या पलंगाशी येऊन बसली, नको म्हणू नका म्हणाली. दुसऱ्यांदा तर तिचा चेहरा रडवेला झाला होता. तिच्याविरुद्ध मी सही कशी करू? दोष लिहायचाच असेल तर माझं नाव लिही, त्यावर सही करतो. हे मी असंच दडवून ठेवलं असतं, इतका मी भित्रा आहे. पण तक्रारीचं कानावर आल्याने काल दवाखान्यातली नर्स सांगत आली, की तुझी तक्रार पोचली तर चौकशी संपेपर्यंत ती डॉक्टरीण पुन्हा सुवाला येणार नाही. तिच्या पुढच्या महिन्याच्या तपासणीच्या यादीत आपल्या बेटावरची अकरा माणसं आहेत. मंगळवारच्या बोटीने हे पत्र निघेल. तक्रार थांबवलीस का, एवढंच दोन ओळींत लगेच कळव. मला पुन्हा मामा म्हणशील की नाही, ते नंतर कळवलंस तरी चालेल.

तुझाच,
आपेनिसा