साच्यातला रुमाल

एमआयडीसी, यवतमाळ
२० नोव्हेंबर २०२३

ती. याडी आणि बा यांना,
उर्वशीचा शि. सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. पण बा, पुढचं वाचण्याआधी याडीला खाली बसवा. फोन केला असता तर तिनं मला बोलूच दिलं नसतं, म्हणून लिहितेय.

दिवाळीत याडीनं तिचा अस्तर लावलेला भरतकामाचा रुमाल माझ्या पेटीत घातला आणि धुवू नको, उसवू नको, असं तीनदा बजावलं. मी धुतला नाही, उसवलाही नाही. साच्यात घातला.

आमच्याकडे ट्रॅक्टरची बोनेटं होतात. साच्यात काचेच्या धाग्यांचं कापड अंथरायचं, वरचा साचा बंद करायचा, मग दाबानं रेझीन, म्हणजे राळेसारखा चिकट रस, आत सोडायचं. घट्ट झालं की दोन्ही अंगांनी गुळगुळीत भाग निघतो. नागपूरच्या प्रदर्शनासाठी आमच्या संजय साहेबांना एक देखणी प्लेट हवी होती. मीच मोठेपणानं रुमाल पुढं केला. वाटलं, याडीचं काम लोक बघतील आणि रुमाल कधी फाटणारही नाही.

साचा मीच उघडला. रेझीन प्यायलं की पातळ कापड आरपार दिसतं. रुमालाचं अस्तर तसंच झालं आणि त्याच्या आत एक टोपी दिसली. माझ्या मुठीएवढी. लाल दोऱ्याचं फूल, बांधायला एकच नाडी. सगळे गोळा झाले. माझ्या जोडीचा बबलू म्हणाला, बाहुलीची असेल. मला हसू आलं नाही.

ती आता कधीच बाहेर काढता येणार नाही. याडी, कुणाची गं ती? पाच तारखेला प्लेट नागपूरला जाणार आहे, त्याआधी सांग. हवं तेवढं रागाव, पण माया कमी करू नको.

तुमची,
उर्वशी


बोरी अरब
२४ नोव्हेंबर २०२३

चि. उर्वशीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मी नेहमीसारखं तुझ्या याडीले वाचून दाखवत होतो. रुमाल दगडात चिणला म्हणून तिनं तुले चार शिव्या घातल्या, बापावर गेली म्हणाली. टोपीपर्यंत आलो आणि पत्र खाली ठेवलं. ती उठून चुलीपाशी गेली.

तुझ्याआधी आम्हाले एक मुलगी झाली होती. ममता. सव्वा महिन्याची गेली. तिची दुपटी, वाळे, सगळं मी तिच्यासोबत मातीत ठेवलं आणि घरात तिचं नाव काढायचं नाही, असं सांगितलं. मले वाटलं, त्यानं तुझी याडी जमना लवकर सावरेल. सत्तावीस वर्षं मी समजत राहिलो की ती विसरली. अन् दर दिवाळीले तो रुमाल खुंटीवरून काढून मीच तिच्या हाती देत होतो!

संध्याकाळी ती आपणच बोलली. टोपी लपवून ठेवायले काढली, तेव्हा दुसरी नाडी तिनंच कापली होती. ती नाडी गेलेल्या पोरीच्या मुठीत होती आणि मूठ उघडायचा तिले धीर झाला नाही.

प्लेट लोकांत मांडू नको. तीन तारखेच्या रविवारी एसटीनं मी एकटाच येऊन घेऊन जातो. जमना यायले तयार नाही. तिनं एवढंच विचारायले सांगितलं, की फुलाचा लाल अजून लाल आहे का. इतकी वर्षं तिनं ती टोपी कापडावरून नुसती चाचपली. मले काय माहीत असणार? टोपीवर फूल होतं, हे मले तुझ्या पत्रातून कळलं.

जिवाले जपत जा.
तुझा बा,
फुलचंद


यवतमाळ
२८ नोव्हेंबर २०२३

ती. बा यांना,
शि. सा. न. वि. वि.

संजय साहेबांना तुमचं पत्र दाखवलं. ते खुर्चीतून उठले, प्लेट स्वतः फडक्यात गुंडाळली आणि माझ्या हाती दिली. प्रदर्शनाला बोनेटच जाईल. बबलू दोन दिवसांपासून माझ्या नजरेला नजर देत नाहीये.

प्लेट माझ्या खोलीत खिडकीपाशी आहे. मला बहीण होती, हे अजून माझ्या गळी उतरत नाही. याडीला सांगा, लाल लालच आहे.

पण तुम्ही एकटे येऊ नका, तिला घेऊनच या. टोपी फक्त अस्तराच्या अंगानं दिसते, समोरच्या अंगानं नुसतं भरतकाम. बघायचं तर तुम्हा दोघांना शेजारीच बसावं लागेल.

आहे तसा लोभ राहू द्या.
उर्वशी