‘शनिवार’ रंग आणि इतर मालमत्ता

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, सिगारेटची पाकिटं छापणाऱ्या छापखान्यात जन्मभर शाई मिसळलेली, सध्या निवृत्त, अविवाहित, राहणार शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय आणि पूर्ण शुद्धीवर राहून लिहून ठेवते. शुद्धीबद्दल माझ्या वकील भाचीला शंका आहे. सकाळपासून मी गाणी म्हणतेय, मध्येच टाळ्या पिटतेय, म्हणून ती म्हणते, “मावशी, असल्या अवस्थेत मृत्युपत्र लिहीत नसतात. उद्या लिही.” गेलं वर्षभर हीच बाई माझ्या मागे हात धुऊन लागली होती की एकदाचं लिहून टाक. आज मन खुशीत आहे, हात सढळ आहे, तेव्हा आजच लिहिणार. अक्षर हलतंय ते आनंदाने, याची नोंद घ्यावी.

आनंदाचं कारण असं, की आज सकाळी सरकारी हुकूम निघाला. सिगारेटच्या पाकिटांना जो एकच कुरूप रंग सक्तीचा आहे, तोच आता ई-सिगारेटींनाही लागू झाला. खोक्यावर तोच, यंत्रावर तोच. चवीचं नाव छापायचं नाही, ‘सौम्य’ हा शब्द वापरायचा नाही, आणि समोरच्या बाजूला ठळक इशारा. तो कुरूप रंग माझा आहे हो! म्हणून वाटणीची सुरुवात त्याच्यापासूनच करते.

कलम पहिले, रंग. आमच्या शाईखोलीत दर शनिवारी सगळ्या डब्यांतली उरलीसुरली शाई खरवडून एका डब्यात टाकत. सोनेरी, किरमिजी, मोरपंखी, काहीही टाका, शेवटी रंग तोच व्हायचा. धड तपकिरी नाही, धड हिरवा नाही, बघितला की जेवणावरची वासना उडावी. आम्ही त्याला ‘शनिवार’ म्हणायचो. कुणी तोंड पाडून कामावर आलं की विचारायचो, “काय रे, चेहऱ्याला शनिवार फासून आलास?” पुढे आरोग्य खात्याने छापखान्यांना पत्रं धाडली, की ज्या रंगाचं पाकीट हातात धरायला नको वाटेल असा नमुना पाठवा. बाकीच्यांनी काळा पाठवला, राखी पाठवला. अहो, काळा तर रुबाबदार दिसतो! मी डब्यातला शनिवार पाठवला.

पाठवण्याआधी घरी परीक्षा घेतली होती. माझा धाकटा भाऊ बस चालवायचा आणि एकापाठोपाठ एक ओढायचा. पाकीट नेहमी शर्टाच्या खिशात, वरची सोनेरी कड दिसेल असं. मी गुपचूप त्याच्या सिगारेटी माझ्या नमुन्याच्या पाकिटांत भरून ठेवायची. राखी पाकीट शर्टाच्या खिशात गेलं. काळं तर त्याने दोनदा फिरवून पाहिलं आणि म्हणाला, “झकास आहे गं, नवीन आलंय का?” मग शनिवार दिलं. त्याने ते उलटंपालटं केलं, तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, “ताई, हे काय? मेलेल्या पालीसारखं दिसतंय.” आणि पाकीट पँटच्या खिशात कोंबून वरून रुमाल घातला. मी स्वयंपाकघरात जाऊन नाचले. खात्यानेही पुढे शेकडो ओढणाऱ्यांना विचारून हाच रंग पक्का केला, तेव्हा मला फारसं नवल वाटलं नाही. तर हा रंग मी कोणा एकाला देत नाही. तो सगळ्यांचा आहे आणि त्याला माझं नाव लावू नये.

कलम दुसरे, हत्यारं. शाई घोटायची काच, दोन्ही सुऱ्या आणि लहान तराजू शाईखोलीत माझ्या जागी आलेल्या बाईंना द्यावीत. बाईंना एवढंच सांगणं, की ट्यूबलाइटखाली रंग पारखू नका, खिडकीशी जा. लांब सुरीची मूठ सैल आहे, तिला दोरा गुंडाळा.

कलम तिसरे, जुना हिशोब. सिगारेट कंपनीचे एक विक्री अधिकारी होते. इतकं गोड बोलायचे की आम्ही त्यांना ‘मधाचं बोट’ म्हणायचो. इशारा छापणं कायद्याने नवीनच सक्तीचं झालं होतं. हे माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “अहो, अक्षरं राहू देत की. फक्त सोनेरीवर सोनेरी करा. दिसली नाहीत म्हणजे झालं.” मी हो म्हटलं आणि अक्षरांच्या सोनेरीत मापाने काळी घातली. इशारा असा उठून दिसला की चष्मा विसरलेल्यानेही वाचावा! त्याबद्दल त्यांनी आमच्या मालकांना सांगून माझी बढती अडवली. ते अजून हयात आहेत असं कळतं. त्यांना शनिवारचा एक डबा, झाकण घट्ट लावून, माझ्या शुभेच्छांसह पोचता करावा. टपालखर्च माझ्या शिलकीतून घ्यावा.

कलम चौथे. बँकेतली शिल्लक, लोखंडी कपाट आणि माझी शाल वकील भाचीला. कपाटाचं दार थोडं उचलून किल्ली फिरवायची. त्यावरून कुलूपवाल्याशी भांडू नये.

कलम पाचवे, हे घर. इथे माझा हात जरा थांबतो. पाकिटं शनिवार रंगाची झाली, तसा धाकट्याने जाहीर केलं, “ताई, सिगारेट सोडली!” मी गल्लीभर सांगत सुटले. पुढच्याच आठवड्यात त्याच्या शर्टाच्या खिशातून एक चकचकीत गुलाबी पुंगी डोकावली, स्ट्रॉबेरीच्या वासाची ई-सिगारेट. “वाफ आहे गं नुसती,” म्हणे. वाफेने माणूस जिन्यात तीनदा बसत नाही. खालचा शिंपी मला म्हणाला, “तुमचा भाऊ जिना चढतो ना, तेव्हा मी मशीन थांबवतो. खोकला मध्येच बंद पडला तर कळायला नको?” ते ऐकल्यापासून माझी झोप उडाली आहे. मी धाकट्याला बोलले, जास्तच बोलले. तो म्हणाला, “आधी माझी पाकिटं नासवलीस, आता वाफही नासव!” आणि गेला. महिना झाला, फिरकलेला नाही.

थोरलीने मृत्युपत्र लिहायचं आणि आधी धाकट्याने जायचं, हा उफराटा न्याय मला मान्य नाही. म्हणून लिहिते. आजपासून पुरं वर्ष धाकट्याने सिगारेट, पुंगी किंवा तिसरं काही नवीन निघालं असेल तर ते, तोंडाला लावलं नाही, तर माझ्या पश्चात हे घर त्याचं. लावलं, तर घर गल्लीच्या टोकावरच्या छातीच्या दवाखान्याला. अट कडक वाटेल. वाटू दे. आज तर मला खात्री आहे! उद्या ती गुलाबी पुंगी शनिवार रंगात येईल आणि तो ती रुमालाखाली लपवेल. लाज वाटली की निम्मं काम झालं.

पुरवणी, त्याच दिवशी, माझ्याच हाताने. वरचं लिहून झालं आणि शिंपीदादा साक्षीला वर आले. दुसरी साक्ष समोरच्या दूधवाल्या बाईंची ठरली होती. तेवढ्यात जिन्यात खोकला ऐकू आला. शिंपीदादा उठून उभे राहिले. धाकटा दारात, हातात हुकुमाची बातमी असलेलं सांजचं वर्तमानपत्र, दम लागलेला, आणि हसत होता.

“ताई, तू मला कुठेच सोडणार नाहीस का गं?”

मी टाळ्या पिटल्या. त्याने टेबलावरचा कागद उचलून वाचला. पाचवं कलम पुन्हा वाचलं. शिंपीदादांकडे पाहून म्हणाला, “खरंच मशीन थांबवता?” ते म्हणाले, “दर वेळी.” मग धाकट्याने माझं पेन घेतलं आणि दुसऱ्या साक्षीदाराच्या जागेवर वाकला.

भाची ओरडली, “मामा, थांब! साक्षीदाराला वाटा मिळत नाही. सही केलीस तर घर गेलं तुझं.”

“माहीत आहे,” तो म्हणाला. “म्हणून तर करतोय. सोडली तर लोक म्हणतील, घरासाठी सोडली. घर दे दवाखान्याला.”

मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. सबब पाचवे कलम असं वाचावं, की घर बिनशर्त दवाखान्याला. धाकट्याला मी काहीही ठेवत नाही. वरील सर्व मजकूर मी वाचला, तो बरोबर आहे, आणि मी अजूनही पूर्ण शुद्धीवर आहे.

स्थळ: माझं घर, खिडकीजवळ.
दिनांक: हुकूम निघाला तोच दिवस, दिवेलागणीआधी.

सही: शाईवाली ताई

साक्षीदार पहिला: खालचा शिंपी. (बाई शुद्धीवर होत्या. आनंदात होत्या. दोन्ही पाहिलं.)

साक्षीदार दुसरा: धाकटा भाऊ. (ताईची अट मान्य, घर नको. माझीही एक अट लिहून घ्यावी: माझं वर्ष पुरं होईपर्यंत ताईने हे मृत्युपत्र वापरायचं नाही.)