सवतीची पुतळी

१५ सप्टेंबर, रविवार

हात धरला नाही. आजही नाही!

बीडला खजाना विहीर बघायला गेलो होतो. पुढे हे, ह्यांच्या कडेवर बाळू, मागे मी, आणि माझ्यापासून चार हात लांब संस्कृती. पायऱ्या ओल्या होत्या म्हणून मी हात पुढे केला, तर तिने दोन्ही हात फ्रॉकच्या खिशात घातले. सहा वर्षांची पोर, आणि तोंड असं की मी तिच्या घरात चोरी करताना सापडलेय. घसरली, गुडघा खरचटला, तरी भिंत धरून आपली आपण उठली. शेजारची एक बाई बघत होती. मग मी पुढे केलेल्या हाताने केस सारखे केल्यासारखं केलं.

हे म्हणतात, "रुळंल. दर ऐतवारी पोरांना कुठंतरी न्यायचं. गडावर, देवळात, बागंत. फिरलं की मानसं जवळ येत्यात." बोलायला काय जातंय! निवडणूक तोंडावर आलीय, ह्यांचा फोन कानाचा सुटत नाही, हे जीपपाशीच उभे. जवळ येण्याचं काम माझ्याकडे.

मुदत दिवाळीची आहे. लग्नाच्या मांडवातच ह्यांच्या पहिल्या सासूबाई, घाटनांदूरच्या साखराबाई, सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या — "माझी स्वप्ना बाळूच्या बाळंतपनात गेली. तिची लेक मी अशी सुकू द्यायची न्हाई. दिवाळीपोतर बघते. न्हाई रुळली तर घिऊन जाईन." बाळू लहान आहे, मला चिकटलाय, त्याला ठेवणार म्हणे. म्हणजे भावंडंच तोडणार!

मला ती जायला नको आहे. लोक काय म्हणतील हे आहेच, खोटं कशाला बोलू. पण रोज सकाळी मी तिची वेणी घालते तेव्हा ती मान कशी ताठ धरते — ती मान मला आवडते. आरशात ती माझ्या तोंडाकडे कधी बघत नाही. गळ्याकडे बघते. टक लावून.

गळ्यात स्वप्नाची पुतळी आहे. चांदीच्या पत्र्यावर ठोकलेली बोटभर बाई, काळ्या दोऱ्यात. बिजवराशी लग्न केलं की सवतीची पुतळी घालावीच लागते. पहिलीचा मान राहतो, ती त्रास देत नाही म्हणे. मी बी.ए. झालेली, पण घातली. वाद कशाला! घाम आला की टोचते मात्र.

१७ सप्टेंबर, मंगळवार

बाळू मला आई म्हणाला. संस्कृतीने त्याच्या दंडाला चिमटा काढला. मी पाहिलंच नाही असं दाखवलं.

२२ सप्टेंबर, रविवार

बोलली!!

नायगावला मोर बघायला गेलो होतो. लांब पल्ला. बाळू दोनदा ओकला, एकदा माझ्या नव्या साडीवर. पोचलो तर मोरांचा पत्ता नाही. हे फोनवर "व्हय साहेब, व्हय साहेब". मी वैतागून एका दगडावर बसले होते, आणि शेजारून आवाज आला — "बघ."

मी वळून बघितलं. संस्कृती! माझ्या इतकी जवळ उभी की तिच्या केसांच्या तेलाचा वास आला. "बघ, मोर." झुडपाआड खरंच मोर होता, पिसारा गळालेला, बुटका दिसत होता बिचारा. मी "हो गं! कसला भारी!" असं काहीतरी ओरडले. मोर पळाला. ती पण गेली. पण बोलली ना!

घरी आत्याबाईंना सांगितलं. त्यांनी माझ्या हातावर साखर ठेवली. ह्या माझ्या सासूला इतकं खूश पहिल्यांदाच पाहिलं.

२५ सप्टेंबर, बुधवार

आज अविधवा नवमी. स्वप्नाच्या नावाने सवाष्ण जेवायला होती. आत्याबाईंनी माझ्या गळ्यातली पुतळी काढून घेतली, दुधापाण्याने धुतली, हळदकुंकू लावून पाटावर ठेवली. पुढे पान वाढलं. वाढायला मीच. पुरण, वडे, कढी.

संस्कृती पाटाला टेकून बसली. आपल्या पानातलं काही खाईना, पुतळीकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, "जेवली का?"

आत्याबाई तोंडाला पदर लावून आत गेल्या. हे अंगणात गेले. मी वाढण हातात घेऊन तशीच उभी. घरात कुणाला काय सांगावं कळत नाही, तेव्हा सगळे उठून जातात आणि मी उरते.

२९ सप्टेंबर, रविवार

कळलं. सगळं कळलं. न कळतं तर बरं झालं असतं.

कंकालेश्वराचं देऊळ. चहूकडून पाणी, मध्ये काळ्या दगडाचं देऊळ. संस्कृती कडेला उभी राहून म्हणाली, "बघ, मासं." मी लगेच वाकले. "केवढाले गं!" म्हटलं. तर तिने कपाळाला आठ्या घातल्या, माझ्याजवळ आली, आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मला हात लावला. दोन बोटांनी माझा पदर गळ्यावरून बाजूला केला.

"आता बघ," म्हणाली. गळ्याला. "दिसलं का?"

आणि वाट बघत राहिली. माझ्या उत्तराची नाही.

मोराच्या वेळीही तेच असणार. आणि मी साखर खाल्ली!

जीपमध्ये पोरं झोपली तेव्हा ह्यांना विचारलं. हे समोर बघत म्हणाले, "मीच सांगितलं तिला. आई नव्या मावशीच्या गळ्यात हाय म्हनून. आन दर ऐतवारी आपन आईला फिरवायला न्यायचं." थोड्या वेळाने आपणहून बोलले — "स्वप्नाला मी कंदी कुठं न्हेलं न्हाई. मोर बघायचं म्हनायची. म्हनलं, जाऊ की, कुठं पळून चाललेत मोर."

म्हणजे हे रविवार माझे नव्हतेच. आम्ही सगळे मिळून स्वप्नाला फिरवतोय. जीपमध्ये पुढे बसते मी, पण खरी बसते ती! मेलेल्या बाईवर चिडता येत नाही. तिचं काय चुकलं? पण राग आलाय, आणि तो कुठे ठेवू कळत नाही. मी भिंतीतली खुंटी आहे. पोरीने तिच्यावर आपली आई अडकवलीय, बस.

६ ऑक्टोबर, रविवार

कुठे गेलो नाही. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. दुखत नव्हतं.

२० ऑक्टोबर, रविवार

लिहायचं नव्हतं. तरी लिहिते.

आज धारूरचा किल्ला ठरला होता. सकाळी न्हाताना मी पुतळी काढली आणि परत घातली नाही. मुद्दाम. तांदळाच्या डब्यात ठेवली, वर झाकण लावलं. म्हटलं, एक रविवार माझा असू दे. एकच! पदर गळ्याशी पिन लावून घट्ट घेतला.

किल्ल्यात गवत कमरेएवढं. संस्कृती आज खुशीत होती. तटावर चढली, खालची सगळी डोंगररांग बघितली, आणि पळत माझ्याकडे आली. "बघ —" म्हणत पिन काढली. पदर सारला.

मंगळसूत्र होतं. दुसरं काही नव्हतं.

तेव्हा तिने पहिल्यांदा वर माझ्या तोंडाकडे पाहिलं. रडली नाही. तेवढ्यात बाळूने चड्डी ओली केली, मी त्याच्याकडे वळले. चड्डी बदलून मागे बघते तर संस्कृती नाही.

आधी मी तळ्याकडे धावले. हिरवं पाणी, जरासुद्धा हलत नव्हतं. मी त्या पाण्यावर चप्पल तरंगतेय का बघत होते. देवा, मी चप्पल शोधत होते! तिकडून ह्यांची हाक — "संस्कृतीऽऽ" — आणि बाळू माझ्या कडेवर रडतोय. मी काय काय नवस बोलले ते मला आता आठवतही नाही.

दरवाजाबाहेर, रस्त्याच्या कडेला सीताफळं विकणारी एक म्हातारी तिला दंडाला धरून बसली होती. बायडाबाई नाव. "तुमचीच का ही पोर? निघालती घाटाच्या वाटंनं एकलीच. टरकं कशी पळत्यात बघताव ना? कुठं चाललीस म्हनलं तर म्हनती, आई घरी एकलीच राह्यली, तिला आनाया चालले." मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "आन ही कोन मंग?"

ह्यांनी संस्कृतीला उचलून घेतलं.

ह्यांनी माझ्या गळ्याकडे पाहिलं. "काढली कावून?"

मी पदर परत गळ्याशी ओढला. घरी, माजलगावला पोचेपर्यंत जीपमध्ये कुणी बोललं नाही. त्यापेक्षा ओरडले असते तर परवडलं असतं.

घरी आल्यावर मी तिच्यासमोरच डबा उघडला. पुतळीच्या दोऱ्यात तांदळाचे दाणे अडकले होते. तिने फुंकर मारून ते काढले, पुतळी गालाला लावली. आणि मला वाटलं आता ही देणार नाही — तर तिने ती माझ्यासमोर धरली. "घाल," म्हणाली.

घातली. एवढं सगळं होऊन ती पोर आपली आई माझ्याच गळ्यात ठेवते! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२१ ऑक्टोबर, सोमवार

आत्याबाईंना कळलंच. मला वाटलं भांडतील. त्यांनी दार लोटलं आणि हळूच म्हणाल्या, "आता दिवाळीपोतर काढू नगंस. ती गळ्यात हाय तवर पोरगी हितनं हलत न्हाई. मंग साखराबाई येऊ दे न्हाईतर तिचं समदं गाव."

खरं आहे. इतकं सोपं आहे. दोन आठवडे नुसतं गप्प बसायचं.

२७ ऑक्टोबर, रविवार

धरणाखालच्या बागेत गेलो. घसरगुंडीवरून येताना दर वेळी ती वरून ओरडायची, "बघ!" आणि मी पदर आपणहून बाजूला करायचे. चोरावर मोर झालेय मी.

३ नोव्हेंबर, रविवार. भाऊबीज

साखराबाई सकाळीच आल्या. चहा घेतला नाही. "भाऊबीज हुंद्या, मंग बोलू," म्हणाल्या.

संस्कृतीने बाळूला ओवाळलं. तो तबकातलं कुंकू खायला बघत होता, तिने त्याच्या हातावर चापट मारली आणि मग त्याच जागी पापा घेतला. साखराबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या.

मग त्यांनी तिला समोर घेतलं. "खरं सांग बाई. हितं राहतीस का माझ्यासंगं येतीस? कुनी रागवनार न्हाई."

हे दारात. आत्याबाई माझ्यामागे, माझ्या दंडाला त्यांची बोटं रुतलेली.

संस्कृतीने माझ्या गळ्याकडे पाहिलं. "हितं," म्हणाली.

जिंकले! खरंच, आधी हेच वाटलं. आत्याबाईंनी श्वास सोडला. साखराबाईंचं तोंड एवढंसं झालं. त्या उठायला लागल्या, गुडघ्यावर हात टेकून, आणि मला दिसलं — त्यांची नजरही माझ्या गळ्यावरच. ती त्यांची लेक होती की!

मी दोरा मानेवरून काढला. आत्याबाई "अगं, अगं" म्हणेपर्यंत संस्कृतीच्या गळ्यात घातला. "ही तुझी," म्हटलं. "आईला कुठंही घेऊन जा. मला विचारायचं नाही. आता सांग."

तिने पुतळी मुठीत धरली. खूप विचार केला. मग म्हणाली, "आईला तिच्या आईकडं जायचं हाय."

दुपारी दोघी गेल्या. बाळू गाडीमागे धावला, मी त्याला धरला. हे म्हणाले, "येडी का खुळी तू? ती राहती म्हनली व्हती!" हो, म्हणाली होती. पण ते माझ्यासाठी नव्हतं.

आत्याबाई जेवल्या नाहीत. मीही.

१० नोव्हेंबर, रविवार

कुठे जायचं कुणी काढलंच नाही. बाळू चपला घालून जीपपाशी उभा होता. सारखा "ताई" म्हणतो.

मानेवर दोऱ्याचा वळ आहे अजून. टोचत नाही, तरी हात तिकडेच जातो. सकाळी फणी घेऊन उगाच आरशासमोर बसले.

माझं चुकलं का? कुणाला विचारू!

२८ नोव्हेंबर, गुरुवार

साखराबाईंचा फोन. मला! "ऐतवारी अंबाजोगाईला या. हत्तीखान्यावर. पोरगी म्हनती तिथंच भेटायचं." का, विचारलं, तर म्हणाल्या, "मला काय म्हाईत बाई. हितं ती माझ्यासंगं तरी कुठं बोलती."

मुलगी परत पाहायला मिळणार म्हणून आनंद व्हायला हवा. तर मी घासलेले डबेच परत घासत बसलेय. कायमचं सांगायलाच बोलावलं असेल तर?

१ डिसेंबर, रविवार

हत्तीखान्याच्या लेण्यांपाशी दोघी आधीच उभ्या होत्या. साखराबाईंच्या हातात संस्कृतीच्या कपड्यांची पिशवी. तिच्या गळ्यात पुतळी नव्हती. "माझ्या देवाऱ्यात ठिवली तिनं," साखराबाई म्हणाल्या. "म्हनली, आई आता तिच्या आईपाशी राह्यली, आता मी जाते. पिशवीबी तिनंच भरली."

संस्कृती माझ्याजवळ आली. दोन बोटांनी माझा पदर सारला. मोकळा गळा नीट पाहिला, पदर होता तसा परत नीट केला. मग मान वर करून माझ्या तोंडाकडे बघितलं.

"बघ," म्हणाली, "दगडाचा हत्ती." आणि माझा हात धरून मला त्याच्याकडे घेऊन गेली.