उंबऱ्यावर अडलेली देवी

आई, न्हाणीपुढच्या दगडावर बसवून तू माझी वेणी घालत होतीस. तुझ्या बोटांत पेड थरथरत होते आणि मी म्हणाले, "वेणीत चिमणी शिरली का गं?" तू हसलीस. तुझं तेवढंच शेवटचं हसू मला आठवतं.

पुढच्या सुट्टीत मी हैदराबादच्या सिस्टरांच्या शाळेतून घरी आले, तर तुझी देवी झालेली. स्वयंपाकघरातून ओसरीत येताना तू उंबऱ्यावर थबकायचीस, पाय जमिनीला चिकटल्यासारखे. काकू ओरडायची, "देवी अडली! नारळ आणा लवकर!" नारळ फुटायचा, भकलं तुझ्या पायापुढं पडायची आणि तू पाऊल उचलून ती ओलांडायचीस. झालं! एवढ्यावर अख्खं गाव पाया पडू लागलं. दर मंगळवारी तुला चौरंगावर बसवतात, ओटी भरतात. तुझी लाळ गळतेय, ती कुणी पुसत नाही. एक बाई विचारते, "आई, माझी म्हैस कवा विणार?" तू माझ्याकडं बघून पुटपुटतेस, "देवी न्हाई गं. हात माझं ऐकत न्हाई. मला निजू द्या." काकू म्हणते, "बघा, देवी रुसली!" आई, त्या काकूचं तोंड दाबावंसं मला आजही वाटतं.

तू गेल्यावर नेकनूरच्या हकीमसाहेबांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "रअशा है बेटी, जिसे तुम लोग कंपवात बोलते. हर गाँव में है, बस नाँव अलग अलग." खरंच होतं ते. चकलांब्याला मावशीच्या दिराला तोल जातो म्हणून दारुडा म्हणायचे. त्यानं आयुष्यात थेंब शिवलेला नव्हता. कडा गावात एक म्हातारी अशीच कापायची, तर करणी केली म्हणून तिच्या सुनेला हाकलून दिलं. कुणी देवी, कुणी दारुडा, कुणी झपाटलेली. आजारी मात्र कुणीच नाही! म्हणून तर जो तो म्हणतो, असला रोग आमच्याकडं नसतो. आणि नारळ तरी कशाला हवा होता? मावशीचा दीर असाच दारात अडला, तेव्हा मी त्याच्या पायापुढं नुसती काठी आडवी टाकली. तो ती ओलांडून चालू लागला.

माझ्यामागं काय कुणाला द्यायचं, ते माझ्या सुनेला सांगून ठेवलंय. तुला पाणी पाजायचं चांदीचं बोंडलं चकलांब्याला, त्या दिराच्या घरी द्यायचं. ओटीत आलेली लुगडी काकूच्या लेकींना. एकही या घरात नको. तुझी लाकडी फणी धाकट्या नातीला, आणि हा कागद फणीच्या डब्यातच राहू दे. त्या आजारात चेहरा ताठतो, हसू उमटत नाही, हेही हकीमसाहेबांनी मला समजावलं. पटलंही. पण त्या सुट्टीत मी दारात उभी होते आणि तू हसली नाहीस, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.