साहेबांनी वाटी उलटून पाहिली

६ जून १९५६, बुधवार

वेणूबाई, परवा रात्री काय जेवलीस ते आठवतंय? नाही ना? डोक्यावरची चुंबळ घरभर शोधणारी बाई तू. म्हणून ही वही. सांगणार मी, म्हणजे वेणूबाईच, लिहिणार नात मालिनी, पुढं वाचून दाखवणार तीच. म्हणजे वही माझी आणि चावी तिच्याकडे. माझं बोलणं ती शाळेतलं करून लिहिते. चालेल.

मालिनी एस.एस.सी. पास झाली. आमच्या कुळगावच्या आळीतली पहिली मुलगी. तिचा बाप धर्मराज, म्हणजे माझा मुलगा, अंबरनाथला कारखान्यात आहे. म्हणाला, आई, तीस तारखेपर्यंत फीची सोय झाली तर कॉलेज, नाही तर हिला पॅकिंगला लावतो. पोर जेवली नाही.

निश्चय: फी मी आणणार.

८ जून

हेडमास्तरांनी फॉर्म दिला. गिरगावात एक ट्रस्ट आहे, मुलींना स्कॉलरशिप देतो. ‘घर कसे आहे’ या रकान्यात मालिनीनं लिहिलं, कुडाचं, दोन खोल्या. म्हटलं, ऐसपैस लिही. नाही लिहिलं. हट्टी. बापावर गेलीय.

१२ जून

ट्रस्टचं कार्ड आलं. रविवारी कोणी कमळाकर साहेब घर पाहायला येणार.

पाहायला येणारी माणसं मला शिकवू नका. तीन लेकी आणि दोन नणंदा उजवल्यात मी. मालिनी म्हणते, आजी, आपण गरीब आहोत हे त्यांना दिसायला हवं. घ्या! मागणाऱ्याला लोक भाकरीचा तुकडा देतात, कॉलेजची फी नाही. घराणं दिसलं की हात सैल सुटतो.

निश्चय: साहेबाला आपल्या घरातली एकही वस्तू दिसू द्यायची नाही.

१६ जून, संध्याकाळ

पाय गेले, पण घर सजलं. स्टेशनजवळच्या माईंकडून ताट-वाट्या. शेजारच्या विठाकडून दोन तांबे. टाळ कुटणाऱ्या कोंडाजीकडून पाण्याचा मोठा हंडा. खुर्ची शाळेतून. आमचं पितळ मालिनीच्या शाळेपायी कधीच मोडीत गेलं. एक डबा तेवढा उरलाय, तो करंज्या भरून पुढं मांडला. रोजची जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनची भांडी परसात टोपलीखाली.

विठा तांबे देताना रडगाणं गात होती, दिवाळीपासून तिचा पितळी डबा सापडत नाही. म्हटलं, विठे, डोकं कुठं ठेवलंयस ते तरी आठवतंय का? बिचारी. वय झालं की असं होतं. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान आहे.

धर्मराज म्हणाला, आई, हे नाटक कशाला? म्हटलं, तू बनियनवर बाहेर येऊ नकोस, म्हणजे नाटक नीट होईल.

१७ जून, रविवार, दुपारी

फत्ते!

साहेब आले, खुर्चीवर बसले. घावन, नारळाचा रस, उल्हासनगर कॅम्पातल्या सिंध्याकडचे पापड. मालिनीनं वाढलं. मान खाली, अगदी हवी तशी. साहेब पारखी माणूस. ताटाची कड न्याहाळली. वाटी रिकामी झाल्यावर उलटून पाहिली. तांब्या हातात घेऊन फिरवला. अस्सल पितळ, बघा म्हटलं हवं तेवढं. मग हंड्याकडे बघून विचारलं, घरात भजनाची आवड आहे का? म्हटलं, भारी आवड! आमच्या घरात शेवटचा सूर माझ्या लग्नात लागला होता, पण ते कशाला सांगा.

जाताना हसत होते. आपल्या वहीत पुष्कळ लिहून घेतलं. मालिनीही हसत होती. तोंडावर पदर घेऊन, पण मला कळतं.

१८ जून

भांडी परत केली. एकही रिकामं दिलं नाही, प्रत्येकात चार-चार करंज्या. रीत म्हणजे रीत. आता आमच्याकडे दोनच उरल्या.

२४ जून

पत्र नाही.

घावन खारट झाले होते का? छे. पण साहेबांनी पाणी दोनदा मागितलं.

मालिनी बापाला विचारत होती, पॅकिंगला डबा घरून न्यायचा की तिथं काही मिळतं. मला ऐकू आलं नाही, असं मी केलं. वेणूबाई, नको तिथं शहाणपण केलंस की काय?

मालिनी, हे लिहू नकोस. लिहिलंस? राहू दे मग.

२८ जून

पत्र आलं. मालिनीनं वाचलं. म्हटलं, पुन्हा वाच. तिसऱ्यांदाही तेच निघालं:

‘ताट-वाट्यांवर एका बाईंचे नाव, तांब्यांवर दुसऱ्या बाईंचे, हंड्यावर भजनी मंडळाचे व खुर्चीवर शाळेचे आहे. कुटुंबाच्या मालकीचे एकही भांडे आढळले नाही. पाहुणचार उत्तम. सबब अर्ज मंजूर.’

भांड्यांवर नावं घालतात हे मला काय ठाऊक नव्हतं? लेकींच्या लग्नात मीही घालून घेतली होती. पण मला ती नक्षीसारखीच. मालिनीला विचारलं, तुला वाचता येत होतं ना गं, मग बोलली का नाहीस? म्हणते, आजी, तू ऐकलं असतंस का? म्हणून मी सगळी नावं साहेबांच्या बाजूला करून मांडली.

बापावर नाही गेली. माझ्यावर गेलीय.

धर्मराजनं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि परसात जाऊन बराच वेळ टोपलीखालची भांडी काढत बसला. भांडी केव्हाच आत आली होती.

तरी म्हटलं, पत्रात एक गोष्ट खोटी आहे. एकही भांडं आमचं नाही काय? तो करंज्यांचा डबा आमचा होता! मालिनीनं डबा आणला, बूड वर केलं आणि वाचलं. सौ. विठा.

दिवाळीचा फराळ आला होता त्यातून. आता आठवलं.

मालिनी, डबा आजच्या आज विठाकडे पोचव. रिकामा नको, ओल्या नारळाच्या करंज्या करून भर, गळ्यापर्यंत. आणि कमळाकर साहेबांना जांभळं पाठव, पळसाच्या पानात बांधून. पानावर कुणाचं नाव नसतं.