शेवटच्या धड्याची पावलं

खांडबारा, माघ वद्य पंचमी, दिवेलागण

लाठीचं पुस्तक खरंच चांगलं आहे. आधी शील, मग लाठी, हे मला पटतं. रोज एक धडा वाचतो आणि तालमीत गिरवतो. शेवटच्या धड्याची पानं मात्र छापखान्यातून आली तशीच जुळलेली. ती सुटी करायला मी चाकूच लावला नव्हता.

आज तालीम उघडली, तर सकाळी सारख्या केलेल्या मातीत अनवाणी पावलं! राखणदार दगडू म्हणाला, "मास्तर, कुलूप मीच लायेल व्हतं. आठे कोणीच उना नही."

इथे कोणी आलंच नाही, तर मग कोण?

घरी येऊन ती पानं कापली. हो, आत्ताच कापली. आकृतीत तीच पावलं, तीच वळणं. चित्रात शेवटचं पाऊल शत्रूकडे वळतं. मातीत ते दाराकडे वळलं होतं.

दारात मी उभा होतो.